दाब, जालक-कंपने आणि अतिसंवाहकता : एक चिकित्सा

दाबाने स्तरित धातूंची अतिसंवाहकता वाढतेच, हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक ठरते. मॅग्नेशियम डायबोराइड ३९ केल्व्हिनला अतिसंवाहक होते, हे २००१ मध्ये सिद्ध झाले. त्यात बोरॉन-११ ऐवजी हलके बोरॉन-१० वापरताच हे संक्रमण-तापमान सुमारे १ केल्व्हिनने वाढले; इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळण्यामागे बोरॉन-स्तरांची कंपने आहेत, याचा हा सबळ पुरावा होय. मात्र दाबाखाली हीच कंपने ताठर होऊन इलेक्ट्रॉनांशी त्यांचे युग्मन क्षीण होते व दर गिगापास्कलमागे तापमान सुमारे १ केल्व्हिनने घटते. याउलट कॅल्शियम व ग्रॅफाइट यांच्या स्तरित संयुगात ते ११.५ वरून १५.१ केल्व्हिनपर्यंत चढते. पुढे, ८ गिगापास्कलच्या आसपास, एकाएकी कोसळते. या चढणीचे श्रेय कॅल्शियमच्या मृदू होत जाणाऱ्या कंपनांना दिले जाते. सारांश, दाब हे केवळ निमित्त होय. कोणते कंपन ताठरते व कोणते मृदू होते, हाच खरा निकष मानावा लागेल.