कच्च्या पापडातला उजेड

उडदाचा पापड भाजण्याआधी एकदा उजेडासमोर धरून बघावा. मिऱ्याची भरड काळ्या ठिपक्यांनी दिसते आणि लाटणाऱ्या बाईचा हातही दिसतो. हात कमी पडला असेल तिथे पापड अंधारा, लाटणं नीट फिरलं असेल तिथे उजळ. मध्य जाड राहिला तर भाजताना तो कच्चा राहतो आणि कडा मात्र करपतात. कडेपर्यंत सारखा उजेड यायचा तर मनगट मुरलेलं लागतं.

घाटकोपरला आमच्या चाळीत एप्रिल उजाडला की गच्चीवर जुन्या साड्या अंथरल्या जायच्या. पीठ कुटून कुटून मऊ करायचं, त्याची लांब वळी वळायची, दोऱ्याने लाट्या पाडायच्या. आम्ही पोरं डांगराला, म्हणजे त्या कच्च्या पिठाला, तेल लावून तिथेच खायचो. मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की तिच्या हाती लाटणं यायचं. तिचे पहिले पापड घरच्यांनी खायचे, हात बसला की मग पाहुण्यांसाठीच्या डब्यात तिचे जायचे. हे शिक्षणच होतं, परीक्षेसकट. फक्त त्याला कुणी शिक्षण म्हणत नव्हतं आणि त्याचा एक पैसा कुणाच्या हाती पडत नव्हता.

तो पैसा बाईच्या हाती कसा आला, हे पाहण्यासाठी लिज्जत पापडाच्या संस्थेची सुरुवातीची वर्षं सावकाश वाचावीत. मोठ्या आकड्यांपेक्षा मला तीच जास्त भावतात. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या, त्यांत जसवंतीबेन पोपट होत्या. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल करमसी पारेख ऊर्फ छगनबापा यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. हे सगळं अनेकांना पाठ आहे. मी थांबतो ते पुढच्या दोन जागी.

पहिली जागा पावसाची. मुंबईच्या पावसात वाळवण कसलं होणार? पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणली आणि एक स्टोव्ह. खाटेवर पापड पसरले, खाली स्टोव्ह पेटवला. बस, एवढंच. पण यात किती भरलं आहे बघा. उन्हाळ्यात करून ठेवायचा साठवणीचा जिन्नस त्या खाटेमुळे बारमाही रोजगार झाला. हे त्यांना कुठल्या तज्ज्ञाने येऊन सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात ओले कपडे घरात कसे वाळवायचे हे जिला रोज सोडवावं लागतं, तिलाच हे सुचणार.

दुसरी जागा याहून खोल आहे. सुरुवातीला दोन प्रतींचे पापड करायचे, हलका माल स्वस्तात विकायचा असं चाललं होतं. छगनबापांनी ते थांबवलं. प्रत एकच ठेवा, ती कधी उतरू देऊ नका, आणि हिशोब चोख ठेवा, हा त्यांचा आग्रह. वरवर पाहता हा व्यापाराचा सल्ला. मला त्यात लाटणाऱ्या बाईचा मान दिसतो. हलकी प्रत ठेवली की हलका हात आलाच, आणि हलक्या हाताची बाई कमी दामाला बांधली गेलीच. एकच प्रत म्हटली की नवख्या बाईला तिथवर आणणं ही संस्थेतल्या इतर बहिणींची जबाबदारी होते. शिकवणं असं कामातच मुरलं.

बायका शेकड्यांनी वाढल्या तेव्हा गच्ची पुरेना. मग मळलेलं पीठ वाटून द्यायचं, बायकांनी घरी लाटायचं आणि वाळलेले पापड परत आणून तोलून द्यायचे, अशी रीत पडली. ज्या बाईला घराबाहेर नोकरीला कुणी पाठवलं नसतं, तिच्या दहा बाय दहाच्या खोलीत काम चालत आलं. लाटण्याच्या मोबदल्याला तिथे वणाई म्हणतात. गुजरातीत वणवुं म्हणजे विणणं, आणि पोळी-पापड लाटणंही. एका शब्दात मागावरचा विणकर आणि पोळपाटापाशी बसलेली बाई एका पंगतीला आली, हे मला फार सुंदर वाटतं.

उपनगरांनी मात्र लगेच दाद दिली नाही. १९६१ मध्ये मालाडला शाखा काढायचा प्रयत्न झाला, तो फसला. ते अपयश मी मुद्दाम नोंदवतो, कारण लाटता येणाऱ्या बायका मालाडमध्ये नव्हत्या असं कोण म्हणेल? हातातली कला सगळीकडे असते. एकमेकींवरचा भरवसा आणि रोजचा हिशोब प्रत्येक गावी नव्याने बसवावा लागतो. १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली, त्याच वर्षी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने मान्यता दिली. त्या आयोगाचं मुख्यालय आज आपल्या विलेपार्ल्याला इर्ल्यात आहे, आणि बोरिवलीच्या शिंपोली रस्त्यावरच्या कोरा केंद्रात त्याचे प्रशिक्षणवर्ग चालतात. अशा वर्गांबद्दल मला आदर आहे. पण कुठलाही वर्ग पाहिला की एक प्रश्न मनात येतोच: प्रमाणपत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ही बाई कुठे जाणार? लिज्जतमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासाठी पीठ मळून तयार असतं.

हे लिज्जतपुरतंच नाही. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात आफ्रिकेतल्या खेड्यांमधून आज्या येतात आणि सहा महिन्यांत सौरदिवे जोडायला, दुरुस्त करायला शिकतात. शिकवणाऱ्यांची भाषा त्यांना येत नाही, अनेकींना लिहिता-वाचताही येत नाही. रंगांच्या खुणा आणि हातवारे यांवर सगळं चालतं. परत गेल्यावर गावातले दिवे त्यांच्या हवाली असतात. तिथेही शिकणं संपतं तिथे काम वाट पाहत असतं. गिरगावची गच्ची आणि आफ्रिकेतलं खेडं यांचं नातं मला इथे जुळलेलं दिसतं.

जसवंतीबेनना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आज संस्थेत हजारो बहिणी आहेत, कामगार म्हणून नव्हे तर भागीदार म्हणून; नफा-तोटा सगळ्यांचा. पुढचा पुडा फोडाल तेव्हा पहिला पापड लगेच तव्यावर टाकू नका. खिडकीशी नेऊन उजेडात धरा आणि तो लाटणारीचा हात आधी नीट बघून घ्या.