रहमतची उधारी

रवींद्रनाथांच्या ‘काबुलीवाला’ (१८९२) या कथेतील लेकीच्या हाताचा ठसा सर्वांना आठवतो. रामपुरी चादरीची उधारी मात्र विसरली जाते. कलकत्त्याच्या परक्या गल्लीत सुकामेवा विकणारा रहमत, मिनीच्या बापाने दिलेली अधेली मिनीलाच देऊन टाकतो. शेजारचे गिऱ्हाईक मात्र घेतलेल्या चादरीचे देणे नाकारते आणि त्या भांडणात रहमतच्या हातून सुरा चालतो. परदेसातली दोस्ती लेकरांशी सहज जुळते; मोठ्यांच्या व्यवहारात ती कसाला लागते. रवींद्रनाथ रहमतला निर्दोष ठरवत नाहीत, पण गुन्ह्याआधीची बेइमानीही लपवत नाहीत. परक्या विक्रेत्यासाठी नुसते डोळे ओले करून भागत नाही, त्याचा हिशेबही चुकता करावा लागतो. या कथेचे मोठेपण मला इथे दिसते.