गावठाणाचे ड्रोन सर्वेक्षण : मोजणीची अचूकता आणि हक्काची निश्चिती

शासकीय यंत्रणांना उपयुक्त ठरणाऱ्या नवतंत्रज्ञानाचे मूल्यमापन बहुधा वेग, खर्च व अचूकता या तीन निकषांवर केले जाते. भूमी अभिलेखाच्या क्षेत्रात चौथा निकषही तितकाच महत्त्वाचा आहे : मोजणीतून मिळालेल्या माहितीचे हक्कात रूपांतर कोण व कोणत्या रीतीने करतो?

शेतजमिनीस सातबारा असला तरी गावठाणातील घरांना बहुतांश गावांत अधिकार अभिलेख नव्हता. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा कागद होय. तो मालकीचा पुरावा ठरत नाही. त्यामुळे स्वतःचे घर बँकेकडे तारण ठेवणेही कठीण जात असे. ही उणीव दूर करण्यासाठी पुणे जिल्ह्यातील सोनोरी (ता. पुरंदर) येथे ड्रोन मोजणीचा प्रायोगिक प्रकल्प राबविण्यात आला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजना सुरू केली.

साखळी व फलकयंत्राने दाट वस्तीची मोजणी करण्यास बराच काळ लागे. ड्रोनच्या छायाचित्रांवरून तोच नकाशा अल्पावधीत तयार होतो, हे या तंत्राचे निर्विवाद यश आहे. तथापि, उड्डाणापूर्वी मिळकतींच्या सीमा जमिनीवर चुन्याने आखाव्या लागतात. ड्रोन ती रेघ टिपतो. ती कोणी आखली आणि शेजाऱ्यास ती मान्य होती काय, हे छायाचित्रातून कळत नाही. कामानिमित्त शहरात गेलेला भाऊ किंवा सासरी गेलेली बहीण यांचा वाटाही त्यात उमटत नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हक्क मिळाला असल्याने हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. साहजिकच, नाव सुटलेल्या वारसावरच पुराव्याचा भार येतो. अचूक नकाशावरील सदोष नोंद जुन्या संदिग्धतेपेक्षा अधिक हानिकारक ठरू शकते, कारण तिला नकाशाची विश्वासार्हता आयती लाभते.

सारांश, ड्रोनमुळे मोजणीचा काळ घटला. हक्कचौकशीचा काळ त्याच प्रमाणात घटविणे मात्र इष्ट नाही. गावाबाहेरील वारसांना नोटीस, ग्रामसभेत नकाशाचे जाहीर वाचन आणि हरकतींची कारणांसह निर्गती यांवरच या तंत्रज्ञानाची खरी उपयुक्तता अवलंबून आहे. वाटप झालेल्या मिळकत पत्रिकांची संख्या हे तिचे अपुरे माप होय.