‘सुधारित’ काडतूस खरंच वेगवान असतं का?

तुलनात्मक प्रयोग कसा फसतो, ते बघायचं असेल तर अमेरिकेतलं शिकारी रायफलीचं .२८० रेमिंग्टन काडतूस (१९५७) आणि त्याचं ‘ॲकली इम्प्रूव्ह्ड’ रूप घ्या. सुधारित रूपात खांद्याचा कोन साडेसतरावरून ४० अंशांवर जातो, भिंती सरळ होतात आणि आत दारूला थोडी जास्त जागा मिळते.

आता समजा, मूळ काडतूस २२ इंची नळीतून झाडलं आणि सुधारित २६ इंची नळीतून. वेग वाढला, श्रेय आकाराला! पण लांब नळीत वायू गोळीला जास्त अंतर ढकलतात, म्हणजे थोडा वेग नळीनेच दिला. शिवाय मूळची दाबमर्यादा ६०,००० पीएसआय, सुधारितची ६५,०००. तीन गोष्टी एकदम बदलल्या, मग निष्कर्ष नक्की कशाचा?

सारख्या लांबीच्या दोन नळ्याही वेगळा वेग देतात. म्हणून आधी मूळ काडतूस मोजा, मग त्याच नळीचं चेंबर सुधारित मापाला कोरून घ्या. गोळी आणि दाब तेच ठेवा. उरलेला फरक छोटाच निघतो: ढोबळ नियमाने जागा ४% वाढली, तर वेग जेमतेम १%.

सिनॉप्सिसमध्ये ‘सुधारित पद्धत’ लिहिण्याआधी स्वतःला विचारा, माझी २६ इंची नळी कुठे लपली आहे?