‘आम्ही खाली सह्या करणारे’ : वस्तीचे मंडळ आणि दलित साहित्य

१

दलित आत्मकथनातील ‘मी’ हा एकट्याचा ‘मी’ नसून तो समूहाचा ‘आम्ही’ आहे, हे विधान आपल्या समीक्षेत आता सर्वमान्य झाले आहे. प्रस्थापित समीक्षा या आत्मकथनांना ‘व्यक्तिगत दुःखाची कैफियत’ ठरवू पाहत होती, तेव्हा हे उत्तर देणे आवश्यकच होते. परंतु एखादे विधान सर्वमान्य झाले की त्याची तपासणी थांबते. म्हणून विचारले पाहिजे की, हा ‘आम्ही’ नेमका कोणता? केवळ भोगणारा, की काही करणाराही?

आपल्या साहित्याने भोगणारा ‘आम्ही’ विलक्षण सामर्थ्याने उभा केला. जळजळीत नकार देणारा ‘आम्ही’ही उभा केला. परंतु वर्गणी गोळा करणारा, सभा भरवणारा, ठराव लिहिणारा, आपसांत भांडणारा, भांडून पुन्हा एका सतरंजीवर बसणारा आणि वर्षाच्या शेवटी हिशेब देणारा ‘आम्ही’ आपल्या साहित्याच्या केंद्रस्थानी आला नाही. त्याचे घर म्हणजे वस्तीचे मंडळ. या मंडळाकडे आपल्या लेखकांचे आणि त्याहून अधिक समीक्षकांचे दुर्लक्ष झाले. त्याची किंमत आज आपल्या वस्त्या मोजत आहेत, असे माझे प्रतिपादन आहे.

२

मंडळ म्हणजे काय, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. विहाराला लागून असलेली एक खोली, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, कोपऱ्यात गुंडाळलेल्या सतरंज्या, लग्नाकार्याची सामाईक भांडी, एक कपाट, कपाटात पुस्तके आणि वह्या. संध्याकाळी पोरांचा अभ्यास, रात्री तंटा. माझ्यासारखे घरातले पहिले पदवीधर अशाच खोल्यांतल्या दिव्याखाली शिकले. ते आमचे वैयक्तिक कर्तृत्व म्हणून सांगितले जाते, ही गोष्ट वेगळी.

या खोलीचे मोल समजून घ्यायचे तर बाबासाहेबांच्या १९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या निबंधाकडे जावे लागते. जातीने हिंदूंमधील सार्वजनिक वृत्तीच मारून टाकली, असा आरोप त्यांनी तेथे केला आहे. जातीपलीकडे ज्याची निष्ठा जात नाही त्याला ‘सार्वजनिक’ हा शब्दच कळत नाही. मग ज्यांना सार्वजनिक पाणवठाच बंद होता, ज्यांना तो खुला करण्याचा बोले ठराव १९२३ मध्ये मंजूर होऊनही १९२७ मध्ये महाडला तळ्यावर चालून जावे लागले, त्यांनी सार्वजनिक जीवन कोठे शिकायचे? गावाने त्यांना सार्वजनिक कामे दिली होती, अधिकार नव्हे. गावाचा सांगावा पोचवायचा, मेलेले ढोर ओढायचे. पण गावाच्या बैठकीत बसायचे नाही.

ते शिक्षण आपल्या माणसांनी आपल्या संस्थांत घेतले. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा, तिची वसतिगृहे आणि वाचनालये, समता सैनिक दल, १९५५ ची भारतीय बौद्ध महासभा ही त्याची मोठी नावे. परंतु या नावांखाली गल्लोगल्ली जे उभे राहिले ते मंडळ. पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी १९२८ मध्ये आंबेडकर जयंती साजरी केली आणि पुढे जयंती हा प्रत्येक वस्तीचा वार्षिक कार्यक्रम झाला. जयंतीसाठी वर्गणी आली, वर्गणीसाठी पावतीपुस्तक आले, पावतीपुस्तकामागून खजिनदार आला आणि खजिनदारामागून हिशेब. अध्यक्षालाही प्रश्न विचारता येतो, हे बहुतेकांनी येथेच प्रथम अनुभवले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी सामाजिक लोकशाहीवाचून राजकीय लोकशाही टिकणार नाही असा इशारा दिला. त्या सामाजिक लोकशाहीचा सराव या दहा बाय बाराच्या खोलीत चालला होता.

मंडळाच्या जुन्या वह्या चाळून पाहाव्यात. सभेचे इतिवृत्त, वर्गणीच्या याद्या, हिशेबपत्रके, आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे वॉर्ड ऑफिसला पाठवलेल्या अर्जांच्या नकला. नळाला पाणी नाही, संडासाचे दार मोडले आहे, गटार तुंबले आहे. प्रत्येक अर्जाची सुरुवात ठरलेली : ‘आम्ही खाली सह्या करणारे रहिवासी विनंतीपूर्वक अर्ज करतो की…’ आणि खाली सह्या व अंगठे एकाच रांगेत. अलंकार नाहीत, शुद्धलेखन डळमळीत आहे. पण हे आपल्या समाजाचे पहिले सार्वजनिक गद्य आहे. जोहार घालून मागण्याची भाषा सोडून नागरिक म्हणून मागण्याची भाषा येथे घडली. आपल्या वाङ्मयेतिहासात जलशांना उशिरा का होईना जागा मिळाली. या गद्याला अजून मिळालेली नाही.

३

आता साहित्याकडे वळू. १९५८ हे वर्ष घ्या. त्या वर्षी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. त्याच वर्षी पु. ल. देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’ प्रसिद्ध झाले. त्यात चाळीची मंडळे आहेत : भ्रमणमंडळ आहे, सांस्कृतिक चळवळ आहे. वाचक मनमुराद हसतो. हे हसणे खोटे आहे असे मी म्हणत नाही. परंतु ते कोणाला परवडते, हे पाहिले पाहिजे. ज्या वर्गाकडे शाळा, बँका, वर्तमानपत्रे, नाट्यसंस्था आहेत, त्याच्या चाळीतील मंडळ फसले तर विनोद होतो. आपले मंडळ फसले तर रात्रीची अभ्यासिका बंद पडते आणि अर्ज लिहायला माणूस उरत नाही. म्हणजे प्रस्थापित साहित्याने मंडळ पाहिले ते हास्यविषय म्हणून. आपण ते कसे पाहिले?

‘गोलपिठा’ने १९७२ मध्ये मराठी कवितेला तिने कधी न पाहिलेली मुंबई दाखवली. ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले आणि गावाचा महारवाडा व मुंबईचा कावाखाना यांना जोडणारी वाट उघडी झाली. ‘आठवणींचे पक्षी’, ‘उपरा’ यांनी ही वाट रुंदावली. या ग्रंथांचे ऋण मोठे आहे. परंतु आत्मकथनाच्या रचनेतच एक मर्यादा आहे. त्याचा नायक वस्तीतून बाहेर पडतो. शाळा, वसतिगृह, कॉलेज, नोकरी असा त्याचा प्रवास आहे. वस्ती ही प्रवासाची सुरुवात आणि अपराधभावाचे ठिकाण ठरते. जे बाहेर पडले नाहीत, ज्यांनी तीस वर्षे तेच पावतीपुस्तक घेऊन त्याच जिन्यांची चढउतार केली, त्यांच्या आयुष्याला असा प्रवास नाही. म्हणून त्यांना कथानकही मिळाले नाही.

समीक्षेने ही मर्यादा दाखवायची होती. तिने दाहकता मोजली, विद्रोह मोजला, भाषेचा रांगडेपणा मोजला. परिणामी नव्या लेखकालाही वाटू लागले की दाहक असेल तेच दलित; सभेतला ठराव, नळाच्या वेळेवरून झालेला समझोता हे साहित्याचे विषय नव्हेत.

याचा परिणाम आपल्या स्मरणावरही झाला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. त्यानंतर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवले. यावर कविता झाल्या, गाणी झाली, आणि ते योग्यच झाले. परंतु गोळीबाराचा हुकूम देणारा पोलीस अधिकारी न्यायालयात दोषी ठरला तो २००९ मध्ये. या बारा वर्षांत त्याच वस्तीतली माणसे चौकशी आयोगापुढे आणि न्यायालयात साक्षी देत राहिली, खाडे सोसत राहिली. गोळी अंगावर घेणारा ‘आम्ही’ आपल्या कवितेत आहे. तारखा सांभाळणारा ‘आम्ही’ कोठे आहे?

४

मंडळाला साहित्यात आणा म्हणजे मंडळाची आरती करा, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. मंडळ जवळून पाहिले तर त्याचे दोषही स्पष्ट दिसतात, आणि ते लिहिण्याचे धैर्य हवे.

पहिला दोष स्त्रियांचा. नळावर उभ्या राहतात स्त्रिया, संडासाच्या मोडक्या दाराचा जाच सोसतात स्त्रिया, आणि अर्जावर ठराव करतात पुरुष. स्त्रियांसाठी ‘महिला मंडळ’ नावाची वेगळी चटई. १९४२ मध्ये नागपूरला दलित स्त्रियांची परिषद भरली होती, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच परंपरेतल्या किती स्त्रिया वस्तीच्या मंडळात खजिनदार झाल्या? येथे एक अपवाद नोंदवलाच पाहिजे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ च्या ग्रंथाने आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन करणारा ‘आम्ही’ कागदावर आणला. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्येही (२००३) घर आणि संघटना यांमधील ताण आहे. हे काम दोन लेखिकांनी केले, हा योगायोग नव्हे. ज्यांना आपल्याच मंडळात दाराशी बसवले गेले त्यांना खोली नीट दिसली.

दुसरा दोष पोटजातींचा. बौद्धांचे मंडळ, मातंगांचे मंडळ, चर्मकारांचे मंडळ. एकाच नळाचे पाणी आणि तीन अर्ज. वॉर्ड ऑफिस तिन्ही अर्ज एकाच टोपलीत टाकते. जातीने मारलेली सार्वजनिक वृत्ती येथे जन्मली खरी, पण ती गल्लीच्या टोकाशी येऊन थांबली.

तिसरा दोष अलीकडचा. वर्गणीची जागा प्रायोजकाने घेतली. दहा रुपयांची पावती फाडणाऱ्याला हिशेब विचारण्याचा हक्क होता. फलकावर ज्याचा फोटो सर्वात मोठा त्याला हिशेब कोण विचारणार? जयंतीचा आवाज वाढला तसा मंडळाच्या सभेतला आवाज कमी झाला. डीजेला केवळ गोंगाट म्हणून नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. खरी हानी हिशेबाची वही बंद झाल्याची आहे.

५

हे सर्व आजच म्हणण्याचे कारण आहे. मंडळाच्या पायाखालची जमीनच आता बदलते आहे.

१९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. आंबेडकरी चळवळीचा आणि पँथरचा इतिहास या चाळींवाचून लिहिता येणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. याचे स्वागतच केले पाहिजे. सामाईक संडासाच्या रांगेत काव्य शोधणे हा ज्यांच्या घरात संडास आहे त्यांचा छंद आहे.

परंतु चाळीच्या जागी इमारत येते, तशी मंडळाच्या जागी सोसायटी येते. आणि सोसायटी या संस्थेचा इतिहास आपण वाचलेला नाही. मुंबईतील आरंभीची सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ मध्ये गावदेवीला उभी राहिली ती सारस्वतांची, सारस्वतांसाठी. नव्वद वर्षांनी, २००५ मध्ये, अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारी उपविधी ग्राह्य धरली. म्हणजे पाणवठा कायद्याने खुला झाला, पण जिना बंद ठेवण्याची वाट सहकाराच्या कायद्यातून मोकळी राहिली. सोसायटी मालमत्तेवर उभी असते, मंडळ नात्यावर आणि विचारावर. मेंटेनन्स भरणारा सभासद लिफ्टबद्दल विचारतो. शेजारच्या पोराची फी कोणी भरायची, हा विषय सोसायटीच्या सभेत येत नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत बालवाडी, कल्याण केंद्र आणि सोसायटी कार्यालय यांची तरतूद आहे. तरतूद खोलीची आहे; खोलीत काय चालावे, हे ठरवणारी माणसे तयार नसतील तर तेथे टेम्पररी गोदाम होते.

नगरपालिकेची भाषाही पाहावी. मध्यमवर्गीय वसाहतीत नागरिक गट करून स्वच्छता पाहतात तेव्हा त्याला ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ म्हणतात. आपल्या वस्तीत तेच काम होते तेव्हा त्या योजनेचे नाव ‘दत्तक वस्ती’ ठेवले गेले. तिकडे व्यवस्थापक, इकडे दत्तक! पुढे हे नाव बदलले गेले. दृष्टी बदलली की नाही, हे कचऱ्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांना विचारावे. ज्या वस्तीने शंभर वर्षे स्वतःचा कारभार स्वतः केला तिला पोरके समजण्याची हिंमत कशी होते? कारण तिच्या कारभाराची नोंद कोठेच नाही. आपणही ती केली नाही. साहित्यात आपण वस्तीला केवळ दुःख दिले. राज्याने त्या दुःखाला पालक नेमला.

६

म्हणून काही कामे ताबडतोब हाती घ्यावी लागतील. इमारत पाडताना मंडळाचे कपाट प्रथम रद्दीत जाते. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीतील इतिवृत्ते, हिशेबवह्या, जयंतीची हस्तपत्रके आणि अर्जांच्या नकला गोळा कराव्यात. जुन्या कार्यकर्त्यांच्या, आणि विशेषतः महिला मंडळांतील स्त्रियांच्या, मुलाखती टिपून घ्याव्यात. मराठी विभागांनी हे साहित्य म्हणून वाचावे, समाजशास्त्राचा कच्चा माल म्हणून नव्हे. कार्यकर्त्यांनी नव्या सोसायट्यांच्या उपविधी वाचाव्यात आणि वाचनालय, अभ्यासिका, विहार यांचा खर्च व कारभार पहिल्याच सभेत ठरावाने बांधून घ्यावा. त्या सभेत स्त्रिया मताधिकारासह बसाव्यात आणि तिन्ही पोटजातींच्या सह्या एकाच अर्जाखाली याव्यात.

आणि लेखकांनी त्या माणसाची कादंबरी लिहावी, जो वस्तीतून कधीच बाहेर पडला नाही. त्याच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. वर्गणी न देणाऱ्याच्या घरीही मयताला तोच प्रथम गेला आहे, आणि फुटलेल्या मंडळाची दोन्ही पावतीपुस्तके त्याने पाहिली आहेत. नकार देणे आपण जगाला दाखवले. कारभार करणे आपल्याला येते, हेही आपल्या साहित्यातून दिसले पाहिजे. नाहीतर आपला कारभार करायला दुसरे टपलेलेच आहेत.