‘दशचक्र’ ते ‘चोप’: ‘बहुरूपी’ची नाटकं वाचताना

कलकत्त्याच्या ‘बहुरूपी’ने (स्थापना १९४८) शंभू मित्र यांच्या काळात केलेला एकही प्रयोग मी पाहिलेला नाही, माझ्या वयाला ते शक्य नव्हतं. अनुवादक म्हणून माझ्या हाती उरतात ती नाटकांची बंगाली शीर्षकं आणि त्यांचा क्रम. पण तेवढ्यातूनही या संस्थेची दृष्टी दिसते.

१९५२ साली इब्सेनचं ‘ॲन एनिमी ऑफ द पीपल’ त्यांनी ‘दशचक्र’ या नावानं केलं. दहा जणांनी ठरवलं तर जिवंत भगवानाचंही भूत करता येतं, अशा अर्थाची बंगाली म्हण या नावामागे आहे. इब्सेनचं शीर्षक डॉक्टरकडे बोट दाखवतं. बंगाली शीर्षक तेच बोट गावाकडे वळवतं. १९५८ मध्ये ‘अ डॉल्स हाउस’चं ‘पुतुल खेला’ झालं, म्हणजे बाहुल्यांचा खेळ. त्यात बाहुली राहिली, घर गेलं. आपल्याकडे अनंत काणेकरांनी याच नाटकाचं ‘घरकुल’ केलं, तेव्हा घर राहिलं आणि बाहुली गेली. दोन्ही नावं सुंदर आहेत, पण मला बंगाली नाव अधिक निर्दय वाटतं, कारण खेळ म्हटला की खेळवणारा आलाच.

१९७१ मध्ये तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ बंगालीत आलं ते ‘चोप, आदालत चलछे’ म्हणून. ‘चोप’ म्हणजे ‘गप्प!’ मराठी कानाला मात्र त्यात मार ऐकू येतो. इथे माझी तक्रार आहे. तेंडुलकरांच्या शीर्षकातली हिंसा ‘शांतता’ या सभ्य शब्दाआड दडलेली आहे. बेणारेला घेरणारी माणसंही अशीच सभ्य आहेत. ‘चोप’ तो पडदा आधीच फाडतो.

तरीही बंगालीत हे नाटक वेगळ्या शेजारात आलं, हे विसरता येत नाही. १९५४ साली याच संस्थेनं रवींद्रनाथांचं ‘रक्तकरबी’ रंगमंचावर उभं केलं होतं. त्यात खाणीतल्या मजुरांना आकड्यांनी ओळखणाऱ्या व्यवस्थेसमोर एकटी नंदिनी उभी राहते. १९६४ मध्ये सोफोक्लिसचा ईडिपस आला. चौकशी मांडणारा राजाच त्यात गुन्हेगार ठरतो आणि ते कळल्यावर स्वतःचे डोळे फोडून घेतो. बेणारेचे न्यायाधीशही गुन्हेगारच आहेत, पण त्यांना ते शेवटपर्यंत कळत नाही. खेळ संपवून ते पुढच्या प्रयोगाच्या तयारीला लागतात.

मराठीत ‘शांतता’ आपण मध्यमवर्गीय ढोंगाचं नाटक म्हणून वाचत आलो. ईडिपसशेजारी ठेवल्यावर ते न झालेल्या पश्चात्तापाचं नाटक होतं. हा अर्थ कुठल्याही एका अनुवादात सापडणार नाही. एखादी संस्था वर्षानुवर्षं नाटकांशेजारी नाटकं ठेवत जाते, तेव्हाच तो हाती लागतो.