ट्रुमन यांचे नदीखोरे धोरण आणि येलदरी प्रकल्प : एक चिकित्सा

प्रस्तावना :

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेच्या अंतर्गत धोरणाचा अभ्यास प्रामुख्याने रोजगार, गृहनिर्माण, आरोग्यविमा आणि नागरी हक्क या मुद्द्यांभोवती झालेला दिसतो. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या 'फेअर डील' कार्यक्रमातील नदीखोऱ्यांच्या विकासाचा मुद्दा त्या तुलनेत दुर्लक्षित राहिला. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशाला मात्र हाच मुद्दा सर्वांत जवळचा आहे. येलदरी (ता. जिंतूर, जि. परभणी) येथील धरणाच्या संदर्भात या धोरणाचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

धोरणाचे स्वरूप :

रूझवेल्ट यांच्या काळात, १९३३ मध्ये, टेनेसी खोरे प्राधिकरण स्थापन झाले. संपूर्ण खोरे हा एक घटक मानावा; पूरनियंत्रण, वीज, सिंचन व जमिनीचे संवर्धन यांचा विचार एकत्रित व्हावा आणि ही जबाबदारी खोऱ्यातच कार्य करणाऱ्या स्वायत्त संस्थेकडे असावी, हे त्यामागील तत्त्व होते. ट्रुमन यांनी ६ सप्टेंबर १९४५ रोजी काँग्रेसला पाठविलेल्या एकवीस कलमी संदेशात या तत्त्वाचा पुरस्कार केला आणि एप्रिल १९४९ मध्ये कोलंबिया खोऱ्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाची मागणी केली. ती मान्य झाली नाही.

या अपयशाचे खापर सामान्यतः काँग्रेसमधील रिपब्लिकन व दक्षिणेकडील डेमोक्रॅट सदस्यांच्या आघाडीवर फोडले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. कारण धरणे थांबली नाहीत; थांबले ते केवळ प्राधिकरण. मिसुरी खोऱ्यात लष्करी अभियंता दल व भूसुधार खाते यांच्या दोन स्वतंत्र योजना १९४४ मध्ये जोडण्यात आल्या आणि 'पिक-स्लोन' योजना म्हणून मंजूर झाल्या. खात्यांचे अधिकार अबाधित राहिले. लोकांच्या सहभागाला मात्र जागा उरली नाही. नॉर्थ डकोटामधील गॅरिसन धरणासाठी फोर्ट बर्थोल्ड येथील मॅंडन, हिदात्सा व अरिकारा या जमातींची नदीकाठची सुपीक जमीन गेली. २० मे १९४८ रोजी करारावर स्वाक्षऱ्या होत असताना जमातींच्या परिषदेचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट यांना अश्रू आवरले नाहीत. तो करार ट्रुमन यांच्याच प्रशासनाने केला होता. 'न्याय्य वाटा' देऊ करणाऱ्या धोरणाची मर्यादा या एका प्रसंगातून स्पष्ट होते.

भारतीय संदर्भ :

टेनेसीचा विचार भारतात आणण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा वाटा महत्त्वाचा होता. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य असताना त्यांनी दामोदर खोऱ्याच्या बहुउद्देशीय योजनेला चालना दिली. टेनेसी प्राधिकरणातील अभियंता व्हूरडुइन यांनी तिचा प्राथमिक आराखडा तयार केला आणि १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. अमेरिकेत ट्रुमन यांना दुसरे प्राधिकरण उभारता आले नाही. त्याच सुमारास भारताने ते कायद्याने उभारले, ही बाब लक्षणीय आहे. परंतु पुढील अनेक प्रकल्पांनी बहुउद्देशीय धरण स्वीकारले आणि खोऱ्याची संस्था वगळली.

येलदरीचा अनुभव :

अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावून गोदावरीस मिळणाऱ्या पूर्णा नदीवर येलदरी धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. येथील जलविद्युत केंद्राची स्थापित क्षमता २२.५ मेगावॅट आहे. जनित्रांतून बाहेर पडणारे पाणी खालच्या बाजूस सिद्धेश्वर धरणात अडविले जाते आणि तेथून कालव्यांद्वारे शेतीला दिले जाते. वीज व सिंचन यांची ही सांगड तांत्रिकदृष्ट्या निर्दोष म्हणावी अशीच आहे. बहुउद्देशीयतेचा अर्थ येथे प्रत्यक्षात उतरला आहे.

संस्थात्मक चित्र मात्र वेगळे आहे. धरण व कालवे पाटबंधारे खात्याकडे, तर वीजनिर्मिती वीज मंडळाकडे आणि मंडळाच्या २००५ मधील विभाजनानंतर महानिर्मिती कंपनीकडे आली. १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यावर येलदरी एका जिल्ह्यात व सिद्धेश्वर दुसऱ्या जिल्ह्यात गेले. वरच्या बाजूस बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे अमरावती महसूल विभागात, याच नदीवर खडकपूर्णा धरण झाले. नदी एक, परंतु तिच्याविषयीचे निर्णय अनेक ठिकाणी, असा हा प्रकार आहे. विस्थापितांच्या बाबतीतही हीच उणीव दिसते. राज्याचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ चा, म्हणजे येलदरी पूर्ण झाल्यानंतर आठ वर्षांनी झालेला आहे. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली, त्यांना जमीन देताना अशा कायद्याचा आधार नव्हता.

अर्थात, टेनेसी प्राधिकरण हा निर्दोष आदर्श होता असे मानण्याचे कारण नाही. त्यानेही हजारो कुटुंबे उठविली आणि त्याने वसविलेल्या नॉरिस नगरात कृष्णवर्णीयांना घरे नाकारली गेली. स्वायत्त संस्था असली की न्याय आपोआप होतो, असे म्हणता येत नाही. मात्र अशी संस्था नसेल तर न्याय मागावा कोणाकडे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

समारोप :

ट्रुमन यांच्या खोरेविषयक धोरणाचे अपयश केवळ संसदीय पराभवात शोधणे योग्य ठरणार नाही. बांधकाम आणि लोकाधिकार हे एकाच धोरणाचे दोन भाग असताना त्यांपैकी पहिला भाग प्रशासनाने चालू ठेवला आणि दुसरा सुटू दिला, हे त्याचे खरे वैगुण्य होय. येलदरीतही तेच घडले. महाराष्ट्राने २००५ मध्ये पाणीवापर संस्थांना कायदेशीर स्थान दिले आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा करून खोऱ्याच्या पातळीवरील विचाराला मान्यता दिली, हे स्वागतार्ह आहे. तथापि बुलढाण्यापासून नांदेडपर्यंतचा पूर्णाकाठचा शेतकरी आणि धरणासाठी उठलेले कुटुंब यांना पाण्याच्या निर्णयात एकत्र स्थान मिळत नाही, तोपर्यंत मूळ विचारातील अर्धाच भाग येथवर पोहोचला, असे म्हणणे भाग आहे.